एका लाखात गेमिंग पीसी घरीच जोडायचाय. नाशिकमध्ये कोटेशन मिळालं, पण पटत नाहीये

तिसरी पाळी | शनिवार, दुपारी १.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशिनवर आहे. मुलाची दहावीची परीक्षा आत्ताच संपली. त्याला गेमिंगचा पीसी हवाय आणि तो आम्ही दोघांनी मिळून घरी जोडायचा, अशी त्याची अट आहे. दोन वर्षांचे दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने अठरा हजार जमवलेत. बाकीचे मी घालतोय. एकूण एक लाख, मॉनिटर धरून. मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो, जीटीए ५ आणि सायबरपंक खेळायचाय, आणि सुट्टीत ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायचंय म्हणतो.

काल एका दुकानात गेलो होतो. चिठ्ठीवर हे लिहून मिळालं: "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, लाइटवाली गेमिंग कॅबिनेट. ६२,०००. मॉनिटर वेगळा." आय७ आहे, पाच वर्षं बघायला नको, असं सांगितलं. मला बरं वाटलं होतं. गाडीवर बसताना मुलगा म्हणाला, "पप्पा, यात एकाही वस्तूचा नंबर नाहीये."

ते डोक्यात बसलं. ड्रॉइंगवर मटेरियलचा ग्रेड नसेल तर आम्ही जॉब मशिनला लावत नाही. इथे तर नुसतं 'लोखंड' लिहिल्यासारखं आहे. मार्गदर्शन करा.

कॅनडा कॉर्नर | शनिवार, दुपारी १.४८

मुलगा हुशार आहे, त्याचं ऐका.

'आय७' हे घराण्याचं नाव आहे, त्यावरून वय कळत नाही. आय७-४७७० हा २०१३ चा प्रोसेसर, चार कोअर (काम करणारे चार मेंदू), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची आठ कामं), डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमवर चालणारा. ऑफिसांतून निघालेले असे प्रोसेसर चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवून आजही 'आय७ गेमिंग पीसी' म्हणून विकले जातात. २०२२ चा आय३-१२१०० पण चार कोअर, आठ थ्रेडचाच आहे आणि तो त्या आय७ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या चिठ्ठीतला आय७ कितव्या पिढीचा, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

'८ जीबी ग्राफिक कार्ड' तसंच. आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड, त्यातही ८ जीबी आहे. आरटीएक्स ५०६० हे २०२५ चं, त्यातही ८ जीबी. दोन्हींत आठ वर्षांचं अंतर. जीबी म्हणजे कार्डाचा वेग नव्हे. गोदाम मोठं आहे म्हणून कारखाना जोरात चालतो असं नसतं.

आणि 'एसएमपीएस ५०० वॅट', म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, त्यापुढे कंपनी नाही, मॉडेल नाही. सगळ्यात जास्त भीती मला त्याची वाटते. त्यावर रात्री सविस्तर लिहितो.

एकलहरे | शनिवार, दुपारी २.०५

काका, वरच्या प्रत्येक शब्दाला +१. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्वतःचा पीसी स्वतः जोडलाय. जोडणं अजिबात अवघड नाही. पार्ट निवडण्यातच सगळी मेहनत आहे.

आधी मॉनिटर ठरवा. लोक तो शेवटी घेतात आणि तिथेच चुकतात. १०८०पी म्हणजे १९२०×१०८०, साधारण पावणेएकवीस लाख ठिपके. १४४०पी म्हणजे २५६०×१४४०, जवळपास सदतीस लाख. दर फ्रेमला कार्डाला एवढे ठिपके रंगवायचे असतात. म्हणजे स्क्रीन ठरला की कार्ड आपोआप ठरतं. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला ठिपक्यांपेक्षा वेग महत्त्वाचा. ६० हर्ट्झवर चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ६.९ ने. कोपऱ्यातून डोकावलेला माणूस तेवढा आधी दिसतो. माझं मत: २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनल, १४४ हर्ट्झ किंवा वर.

तिसरी पाळी | शनिवार, दुपारी २.३१

हे मुलाला वाचून दाखवलं. "मी हेच सांगत होतो" म्हणाला. मॉनिटर १०८०पी, १८० हर्ट्झचा धरून चालू. आता प्रोसेसर?

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ५.२०

मी इंटिरियरची थ्रीडी कामं करते, रोजचं ब्लेंडर आहे, म्हणून बोलते.

ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरला (अंतिम चित्र तयार करायला) एनव्हिडियाचं कार्ड त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे चांगलंच वेगाने चालतं. एएमडीचं रेडिऑन कार्ड चालत नाही असं मात्र नाही, एचआयपी या त्यांच्या तंत्रावर चालतं. शिकणाऱ्या मुलाला तेवढं पुष्कळ आहे. माझ्या अनुभवात शिकताना वेगापेक्षा कार्डावरची मेमरी आधी कमी पडते. एका सोफ्याला ४के चे टेक्स्चर (पृष्ठभागाची मोठी चित्रं) लावले, मागे पडदा, खाली गालिचा, आणि आठ जीबी भरलीच. तेव्हा ८ पेक्षा १६ जीबीचं कार्ड बघा. खेळांतही हाय टेक्स्चर लावायला ते उपयोगी पडेल.

आणि भाऊ, मुलाने ब्लेंडर शिकतो म्हटलंय ना, तर माउसला मधलं चाक नीट चालणारं घ्या. त्यात दिवसभर तेच बटण दाबून फिरावं लागतं.

पाथर्डी फाटा | शनिवार, संध्याकाळी ६.०२

प्रोसेसरबद्दल माझं मत वेगळं पडेल कदाचित. एएम४ घ्या, म्हणजे एएमडीचं आधीच्या पिढीचं सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा). रायझन ५ ५६००, सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, डीडीआर४ रॅम. सध्या रॅमच्या भावाने कंबरडं मोडलंय. गेल्या गणपतीत ज्या पैशांत ३२ जीबी येत होती त्यात आज १६ सुद्धा मिळेना. एआयच्या डेटा सेंटरांकडे सगळा माल वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल नावाची घरगुती रॅम बंद करत असल्याचं जाहीरच केलं. डीडीआर४ पण महागलीय, पण मदरबोर्ड आणि प्रोसेसर स्वस्त पडतात. वाचलेल्या पैशात १६ जीबीचं कार्ड बसतं. खेळ शेवटी कार्डावर चालतो.

कॅनडा कॉर्नर | शनिवार, रात्री ९.१५

पाथर्डी फाटा, तुमचा हिशेब चुकीचा नाही. हातात ७० हजार असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण एक लाख आहेत आणि मुलगा दहावीचा आहे, म्हणजे पीसी कॉलेज संपेपर्यंत चालायला हवा.

एएम४ वर २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डी पर्यंत सगळे आले. ज्यांनी सुरुवातीला चांगला बोर्ड घेतला, त्यांनी पाच वर्षांनी फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून नुसता प्रोसेसर बदलला. ती संधी आता एएम५ वर आहे. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि निदान २०२७ पर्यंत त्यावर नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलंय. आज एएम४ घेतलं तर पुढच्या वेळी बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही एकदम बदलावं लागेल.

म्हणून रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. डब्यातच पंखा येतो, वेगळा कूलर नको. आणि यात छोटं ग्राफिक्स आतच आहे. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो पण त्यात ते नाही. उद्या कार्ड वॉरंटीत द्यावं लागलं तर ७६०० वर निदान स्क्रीन दिसतो, अभ्यास चालू राहतो. शेवटी 'एक्स' असलेला ७६००एक्स घेऊ नका, त्याच्या डब्यात पंखा नसतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये काय होतं ते माहीतच आहे.

बोर्ड बी६५० चा, चार रॅम स्लॉटचा. त्यावर 'बायोस फ्लॅशबॅक' बटण असलं तर फार चांगलं. प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हने बायोस बदलता येतं.

आता एसएमपीएस. बजेट संपत आलं की लोक इथेच हात आखडता घेतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या पीसीत कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. एका पावसाळ्यात वीज आली-गेली, फट् आवाज झाला आणि तो जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते. त्यानंतर मी कुणालाही पीसी सुचवताना आधी एसएमपीएस लिहितो, मग बाकीचं.

५५० ते ६५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र), नाव असलेल्या कंपनीचा, निदान पाच वर्षं वॉरंटीचा. डब्यावर इनपुट '१०० ते २४०' आहे की फक्त '२०० ते २४०' तेही बघा. ज्यांच्याकडे व्होल्टेज पडतं त्यांच्यासाठी पहिलाच. नुसता वॅटचा आकडा बघू नका. बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती वॅट लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच खातात. '५०० वॅट' लिहिलेल्या काही डब्यांवर १२ व्होल्टला तीनशेसुद्धा नसतात.

जुनं नाशिक | शनिवार, रात्री १०.४०

मी इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे. पीसीतलं मला फार कळत नाही, पण वरचा एसएमपीएसचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. हजारोंचा माल लावणार, त्याआधी घरातलं अर्थिंग तपासा.

आमच्या भागातल्या वाड्यांत, आणि नव्या फ्लॅटमध्येही, सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या येतात ना, ते त्याचंच लक्षण. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो गळका करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर, शंभर-एकशेपंधराच्या आसपास, लोंबकळत राहते. करंट अगदी कमी असतो, पण खऱ्या बिघाडाच्या दिवशी त्याला जायला वाट नसते.

मल्टिमीटर एसीवर लावून तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ९०-१०० दाखवत असेल तर अर्थ तुटलेलं आहे. तुम्ही एमआयडीसीतले, तुम्हाला मीटर नवा नाही. बाकी वाचकांनी मात्र हे स्वतः करू नये, वायरमन बोलवा.

तिसरी पाळी | रविवार, सकाळी ७.०५

रात्रपाळीहून आल्या आल्या माप घेतलं. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थ १४१. न्यूट्रल-अर्थ ८७.

बारा वर्षं या घरात राहतोय.

स्विचबोर्ड उघडला. हिरवी वायर आत होती, पण स्क्रूखाली नव्हती. टोकाला टेप गुंडाळून मागे कोंबलेली. मेन बंद करून लावली. आता न्यूट्रल-अर्थ १.४. फ्रिजच्या सॉकेटलाही तेच होतं, तिथेही लावली. बायको म्हणाली, ओल्या हाताने फ्रिज उघडला की कधी कधी मुंग्या येतात असं ती सांगायची, आणि आपण लक्ष दिलं नाही. खरं आहे. जुनं नाशिक, तुमचे मनापासून आभार.

जुनं नाशिक | रविवार, सकाळी ७.३०

वाचून बरं वाटलं. आता बाथरूमच्या गिझरचंही बघा. आजच.

द्राक्षबाग | रविवार, सकाळी ९.१२

पिंपळगाव बसवंतहून. आमच्याकडे मोटारी एकदम चालू झाल्या की दिवे पिवळे पडतात, म्हणून यूपीएसबद्दल लिहितो.

साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. तुमचा प्रोसेसर खेळताना जास्तीत जास्त ८८ वॅटपर्यंत खाईल, कार्ड दीडशे-पावणेदोनशे, बोर्ड, पंखे, डिस्क मिळून पन्नास, मॉनिटर तीस. कागदावर ३६० मध्ये बसतं, पण काठावर. माझा यूपीएस नेमका वीज गेली की शिट्टी मारून स्वतःच बंद पडायचा, मग त्याचा उपयोग काय? आता १००० व्हीएचा आहे, नीट चालतोय. शहरात वीज इतकी जात नसेल तर आत्ता यूपीएस नका घेऊ, ते पैसे एसएमपीएसमध्ये घाला. पण पावसाळ्याआधी घ्या.

एकलहरे | रविवार, सकाळी ११.४०

काका, कार्डाचं बोलू. माझ्या मते तुमच्या पैशांत दोनच नावं खरी: आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. ५०६० टीआयचं १६ जीबी मॉडेल सगळ्यात चांगलं, पण ते बजेट फोडतं. ५०६० ला ८ जीबी आणि तीन वर्षांनी तेच नडणार. ९०६० एक्सटी घेताना डब्यावर १६ लिहिलेलं आहे ना, ते दोनदा बघा. त्याच नावाने ८ जीबीचंही येतं.

सेकंडहँड नको. मी स्वतः वापरलेलं कार्ड घेतलं होतं, सात महिने छान चाललं, मग स्क्रीनवर हिरव्या रेघा. बिल दुसऱ्याच्या नावावर, वॉरंटी संपलेली. तेव्हा महिन्याचा मेसचा खर्च निघाला असता त्यात.

पाथर्डी फाटा | रविवार, दुपारी १२.१५

एएम५ च ठरत असेल तर रॅम तरी शहाणपणाने घ्या. ८-८ च्या दोन काड्या घेऊ नका. डीडीआर५ च्या ८ जीबी काडीवर चारच चिप असतात, बँक ग्रुप (आतले मेमरीचे गट) ही निम्मे, त्यामुळे वेग कमी मिळतो, आणि पुढे ३२ करायची तर दोन्ही काढून ठेवाव्या लागतात. १६ ची एकच काडी घ्या, ६००० च्या वेगाची, सीएल३० किंवा ३६ (हा आकडा कमी तेवढा प्रतिसाद लवकर). दोन काड्या असत्या तर ड्युअल चॅनेल, म्हणजे मेमरीला दोन वाटा, मिळालं असतं हे खरं, एकीवर व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळात थोडे फ्रेम जातील. पण सहा-आठ महिन्यांनी त्याच पार्ट नंबरची दुसरी काडी घातली की ३२ होते. लेबलचा फोटो आजच काढून ठेवा.

कॅनडा कॉर्नर | रविवार, दुपारी १.००

सहमत. माझं मन ३२ वर होतं, पण आजच्या भावात एक काडीच योग्य.

तिसरी पाळी | बुधवार, रात्री ८.५०

यादी ठरली: रायझन ५ ७६००, बी६५० चा बोर्ड, १६ जीबीची एक काडी ६००० ची, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी एनव्हीएमई जेन ४ एसएसडी, ६५० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस, पुढे जाळीची कॅबिनेट, १८० हर्ट्झचा मॉनिटर. एक लाख चार हजारांवर गेलं. ओव्हरटाइम करतोय, होईल.

प्रश्न खरेदीचा. मेव्हणा म्हणतो सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकड, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा, स्वस्त पडेल. जाऊ का?

कॅनडा कॉर्नर | बुधवार, रात्री ९.३०

मी अनेकदा गेलोय. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत. माल भरपूर आणि दोन-तीन दुकानं फिरलात तर भावही उतरतो. पण येताना मॉनिटरचा खोका घेऊन गर्दीत चढून बघा. आणि पार्ट बिघडलेला निघाला तर पुन्हा एक दिवस, पुन्हा एक रजा.

माझी पद्धत अशी. बोर्ड, कार्ड, एसएमपीएस या तीन गोष्टी नाशिकमध्येच घेतो, थोडे जास्त लागले तरी. बिघाड निघतो तो बहुतेक यांतच, आणि समोर उभं राहून बदलून मागता येतं. एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नर फिरा, चार ठिकाणी लिखित भाव घ्या, मॉडेल नंबरासकट. बाकी ऑनलाइन चालेल, पण खोका फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा, लेबल नीट दिसू द्या. बिल १८ टक्के जीएसटीसकट पक्कं, आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर. 'बिलाशिवाय घ्या, कमी करतो' म्हटलं की तिथून उठा. वॉरंटी मागायला गेल्यावर तो कागद हाच तुमचा साक्षीदार.

तिसरी पाळी | शनिवार, संध्याकाळी ७.२५

सगळं घरी आलं. चौथ्या दुकानातला तरुण दुकानदार आमची यादी बघून म्हणाला, "एसएमपीएस कुणी निवडला? बरोबर निवडलाय." सिरियल नंबर त्याने न सांगता बिलावर घातले. उद्या माझी सुट्टी आहे. सकाळी सुरू करतो.

एकलहरे | शनिवार, रात्री ८.००

काका, तीन गोष्टी. कॅबिनेटमध्ये बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे खुंट) मोजून बसवा, एखादा जास्तीचा चुकीच्या जागी राहिला तर बोर्डाला मागून टेकून शॉर्ट होतो. काडी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. आणि प्रोसेसरची आठ पिनची वायर व कार्डाची आठ पिनची वायर दिसायला सारख्या असतात, वर लिहिलेलं वाचून लावा, जोर करू नका.

तिसरी पाळी | रविवार, दुपारी १२.१०

जेवायला थांबलोय म्हणून लिहितो.

प्रोसेसर मुलाने बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, वरून ठेवला, अजिबात दाबला नाही. सॉकेटचा दांडा खाली घेताना करकर आवाज आला आणि त्याने हात मागे घेतला. मी म्हटलं, लावू का मी? "नको." व्हिडिओ पुन्हा पाहिला, तेवढा जोर लागतोच असं कळलं, मग ओठ चावत दांडा अडकवला. काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडालं.

पंखा मी लावला. आधी बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे कंस काढले, पंख्याचे चार स्प्रिंगवाले स्क्रू थेट मागच्या प्लेटमध्ये जातात. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करायचं नाही. समोरासमोरचे दोन, थोडे थोडे, मग दुसरे दोन. चारही जबड्यांच्या चकमध्ये (मशिनवर जॉब धरणारी पकड) जॉब बांधताना करतो अगदी तसंच. मुलाला ते दाखवलं. माझं काम नेमकं काय असतं, हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. अर्धा तास तेच बोलत बसलो.

गोदाकाठ | रविवार, दुपारी १२.२५

हे वाचून फार छान वाटलं. एसएसडीवरच्या पत्र्याच्या मागचा पारदर्शक कागद काढायला विसरू नका हं भाऊ, मी विसरले होते.

तिसरी पाळी | रविवार, दुपारी ४.३८

मदत हवी. सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरतात, कार्डाचा दिवा लागलाय, पण स्क्रीन काळा. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला पिवळा दिवा लागून राहिलाय. दीड मिनिट झालं. मुलाचं तोंड उतरलंय. बंद करू का?

एकलहरे | रविवार, दुपारी ४.३९

काका बंद करू नका!! थांबा. एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची तालीम घेतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला. काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो. मध्ये बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

कॅनडा कॉर्नर | रविवार, दुपारी ४.४०

बरोबर. दहा मिनिटं हात लावू नका. तोवर मॉनिटरची केबल कार्डातच आहे ना, बोर्डाच्या मागे नाही, एवढं बघा.

तिसरी पाळी | रविवार, दुपारी ४.४४

केबल कार्डातच आहे.

आला! दिवा पिवळ्यावरून पांढरा, मग हिरवा, आणि स्क्रीनवर बोर्डाचं नाव आलं. मुलगा ओरडला म्हणून शेजारचे दार वाजवून गेले. आतून त्याच्या आईने विचारलं, काय फुटलं का.

रॅम ४८०० दाखवतोय, ६००० नाही.

एकलहरे | रविवार, दुपारी ४.४७

अभिनंदन काका! ते बरोबर आहे, बायोसमध्ये 'एक्सपो' (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, सेव्ह करा, परत थोडा वेळ स्क्रीन काळा होईल, घाबरू नका. विंडोज टाकल्यावर डिस्प्ले सेटिंगच्या प्रगत भागात जाऊन ६० चं १८० करा. हे कित्येकांचं वर्षभर राहून जातं. आणि व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सेटिंग चालू लागतात, तेही बायोसमधलंच.

तिसरी पाळी | मंगळवार, सकाळी ७.४०

१८० केलं. मला फरक दिसेल असं वाटलं नव्हतं, पण नुसता माउसचा बाण फिरवला तरी कळतो. सायबरपंक हाय सेटिंगवर छान चाललं. खोलीत ३६ अंश असताना तासाभराच्या खेळात प्रोसेसर ८१ पर्यंत गेला, कार्ड ६८. चालेल ना? कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवली, आमच्याकडे धूळ फार.

कॅनडा कॉर्नर | मंगळवार, सकाळी ८.१५

बिनधास्त. हा प्रोसेसर ९५ पर्यंत जायलाच बनवलाय. महिन्यातून एकदा पुढची जाळी काढून ब्रशने झटका, पंखा हाताने धरून.

तिसरी पाळी | जुलै, रविवार, सकाळी १०.३०

धागा वर काढतोय. १००० व्हीएचा यूपीएस पावसाच्या आधीच घेतला, द्राक्षबाग यांचे आभार, गेल्या आठवड्यातच तीनदा कामी आला. मुलाने ब्लेंडरमध्ये माझ्या कंपनीतल्या चकचं मॉडेल बनवलंय, जबडे आतबाहेर सरकतात. मापं माझ्याकडून घेतली, व्हर्नियरने.

आता दुसरी काडी बघतोय. एका दुकानात तीच कंपनी, १६ जीबी, ६०००, सीएल३६ मिळतेय, भावही जरा उतरलाय. लेबल जुळवलं तर पार्ट नंबरची शेवटची दोन अक्षरं वेगळी आहेत. घेऊ का?

पाथर्डी फाटा | जुलै, रविवार, सकाळी ११.०५

कधी कधी नुसता रंग वेगळा म्हणून अक्षरं बदलतात, कधी आतल्या चिपच वेगळ्या असतात. दुकानदार घरी लावून बघायला देऊन, चाललं नाही तर परत घेईन असं बिलावर लिहून देतोय का विचारा. देत असेल तर घ्या.

तिसरी पाळी | जुलै, रविवार, दुपारी १.२०

विचारलं. लिहून द्यायला तयार नाही. थांबतो.